सोलापूरचे दगड समुद्रात

गेल्या रविवारपासून आमच्या गच्चीवर सात दगड वाळत पडले आहेत. शेजारच्या काकू दोनदा येऊन वास कसला म्हणून विचारून गेल्या. सुकटीसारखा, पण सुकटीपेक्षा जड असा तो वास आहे. हे दगड पाच महिने रत्नागिरीजवळच्या एका खाडीच्या तोंडाशी पाण्यात होते, आणि जांभ्याचा एक सोडला तर सगळे इथूनच गेलेले.

माझे वडील पाथरवट होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पाटे, वरवंटे, जाती, उखळं घडवायची आणि गल्लोगल्ली फिरून जुने पाटे टाकवून द्यायचे. मिक्सर येण्याआधी प्रत्येक घराला हे काम वर्षा-दोन वर्षांनी लागायचं. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की मिरची नुसती सरकते, वाटली जात नाही. मग छिन्नीनं त्याला टाकी लावायची, म्हणजे सगळ्या अंगावर बारीक बारीक खळगे पाडायचे. दगड तोच, पण काम करायला लागतो. मी पुढे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, २६ वर्षं. अण्णांचा धंदा आणि माझा विषय यांचा काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

लेक रत्नागिरीला दिली आणि तो संबंध समोर आला. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात विहीणबाईंबरोबर सुकतीला, म्हणजे ओहोटीच्या वेळी, किनाऱ्यावरच्या खडपांवर गेले होते. उधाणाचे दिवस, त्यामुळे ओहोटीही मोठी, पाणी खूप मागे हटलेलं. बायका कोयत्या घेऊन कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले खायचे शिंपले, काढत बसल्या होत्या. तिथे काळ्या कातळाचा सपाट पट्टा आहे आणि वरच्या कड्यावरून कोसळलेले जांभ्याचे मोठे धोंडे त्याला लागूनच पडलेत. जांभ्याची खालची अंगं कालवांनी गच्च भरलेली, आणि हातभर अंतरावरचा काळा कातळ मधोमध जवळजवळ उघडा. फक्त त्याच्या भेगांमधून पांढऱ्या रेघा गेलेल्या. जवळ जाऊन पाहिलं तर त्या रेघा म्हणजे बार्नॅकलची, खडकाला कायमच्या चिकटणाऱ्या चिमुकल्या कवचाच्या प्राण्यांची, दाटी होती. मी विचारलं, असं का? कालवं काढणाऱ्या मावशींनी मान वर न करता सांगितलं, "काळ्यावरचा पटकन सुटतो वो ताई, लाट पण तसाच सोडवते. जांभ्यातला नाय सुटत."

एवढ्या एका वाक्यात त्यांनी प्रश्नाचा अर्धा भाग सोडवला होता. उरलेल्या अर्ध्यासाठी मी दगड घेऊन गेले.

दगडांची थोडी ओळख करून द्यायला हवी. आपला सोलापूरचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थंड झालेला लाव्हा. भुईकोट किल्ल्याची भिंत त्याचीच. रत्नागिरीचा काळा कातळ त्याच दख्खनच्या लाव्ह्यातला आणि जांभाही त्याच लाव्ह्याचं पुढचं रूप: लाखो वर्षं पावसाउन्हात कुजून, धुऊन जाऊन मागे राहिलेला लोह आणि ॲल्युमिनियमचा जाळीदार सांगाडा. हे सगळे एका घरचे. आपल्या घराघरांतली शहाबादी फरशी मात्र वेगळ्या कुळातली. गुलबर्ग्याच्या पुढच्या शहाबादच्या खाणीतून येणारा तो चुनखडक, आणि तो समुद्राच्या तळाशीच साचलेला आहे. शिंपल्याचा पहिला प्राणी पृथ्वीवर जन्मायच्या आधीचा, ५४ कोटी वर्षांहूनही कितीतरी जुना. म्हणून शहाबादीत कुणाला शंख-शिंपला सापडत नाही. स्वयंपाकघरात तिच्यावर लिंबाचा रस सांडला आणि तसाच राहिला की तिथे फिका डाग पडतो, तो आम्लानं चुना खाल्ल्यामुळे. हा डाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर नायलॉनच्या दोरीला वीतभर अंतरावर पाच तुकडे बांधले. अण्णांच्या हातचा एक फुटका पाटा घरात होता, त्याचा तुकडा: एका अंगाला टाकी, दुसरं अंग मी फरशीवाल्याकडून पॉलिश करून घेतलं. दुसरा तुळजापूर रस्त्यावरच्या खाणीतला बुडबुड्यांच्या भोकांचा बेसॉल्ट, विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो. तिसरी शहाबादी, चौथा तिथलाच जांभा, पाचवं चुना लावलेलं जुनं कौल. व्याह्यांची एक छोटी होडी आहे. ती जिथे बांधतात त्या धक्क्यावरून दोरी सोडली, ओहोटीतही पाण्याखाली राहील इतकी खोल. उरलेले दोन, एक काळा आणि एक शहाबादी, त्यांनी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कातळाच्या भेगेत सिमेंटनं पक्के बसवून दिले. एसटीनं कोल्हापूरवरून आंबा घाट उतरत दगडांची पिशवी मांडीवर घेऊन गेले होते. कंडक्टरनं विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं.

आता पाण्यात काय होतं ते.

स्वच्छ दगड समुद्रात सोडला की काही मिनिटांत पाण्यातले सेंद्रिय रेणू त्याला चिकटतात, काही तासांत जिवाणू येतात, मग डायटम नावाचं एकपेशीय शेवाळ. एक बुळबुळीत साय तयार होते. सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यातल्या पायऱ्यांवर पाय घसरतो तो अशाच सायीनं. ती दिसत नाही, पण मोठ्या प्राण्यांची पिल्लं दगडाला नव्हे, आधी या सायीला भेटतात. बंदरांत सगळीकडे आढळणारा हायड्रॉइडीस नावाचा नळीत राहणारा किडा आहे. त्याची अळी साय नसलेल्या कोऱ्या पृष्ठभागावर सहसा बसतच नाही. म्हणजे दगडाचं रसायन सायीनं बऱ्याच अंशी झाकलं जातं. राहतो तो दगडाचा आकार, उबदारपणा, मऊपणा. मला वाटतं, दगडाचं नाव विचारण्याआधी हे विचारायला हवं.

बार्नॅकलचं उदाहरण घेते, कारण ते मला फार आवडतं. डार्विननं १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या प्राण्यावर घालवली. अंड्यातून निघालेलं पिल्लू आधी पाण्यात पोहत खातं, सहा वेळा रूप बदलतं, आणि मग त्याची सायप्रिड नावाची अवस्था होते. मिलिमीटरच्या आतबाहेरची ही अळी काही खातच नाही. साठवलेल्या चरबीवर तिला एकच काम करायचं असतं, जागा शोधायची. डोक्याच्या दोन स्पर्शिकांवर ती दगडावर चालते, थांबते, उचलून दुसरीकडे जाते, परत येते. चालताना प्रथिनाचा ठसा मागे सोडते, आणि पुढे येणाऱ्या अळ्यांना तो ठसा कळतो. जागा पटली की डोकं खाली टेकवून स्वतःला सिमेंटनं चिकटवते. त्यानंतर आयुष्यभर हलणं नाही. पायांनी पाण्यातलं अन्न आत ओढत राहायचं. म्हणजे हा निर्णय एकदाच घ्यायचा आणि तो बदलता येत नाही. म्हणून ती इतकी चाचपडते.

डेनिस क्रिस्प आणि हॅरोल्ड बार्न्स या दोघांनी १९५४ साली दाखवलं की या अळ्या खळगे आणि खाचा निवडतात, आणि खाच असेल तर तिच्या दिशेला धरून बसतात. खळग्यात लाट कमी लागते, ओल टिकते, वरून खरवडत जाणाऱ्या गोगलगाईंची जीभ आत पोचत नाही. हे वाचताना मला पाटा दिसत होता. छिन्नीचे घाव ज्या अंतरावर, ज्या खोलीचे, ते मिरचीसाठी योग्य होते, आणि योगायोगानं बार्नॅकललाही.

मार्चच्या शेवटी दोरी वर काढली. पहिल्यांदा माझी निराशा झाली. पाचही तुकडे इतके भरले होते की कोणता कोणता ते ओळखायला दोरीवरचा क्रम आठवावा लागला. समुद्रपिचकाऱ्या, किड्यांच्या पांढऱ्या वळणदार नळ्या, ब्रायोझोआ या वसाहतीनं राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांचे जाळीसारखे थर, बार्नॅकल, कालवं. सतत पाण्याखाली असणाऱ्या दगडावर पाच महिन्यांत जागेची एवढी मारामारी होते की सुरुवातीचा फरक झाकला जातो. एकाच्या पाठीवर दुसरा बसतो आणि मग खालचा दगड कोणता हे वरच्याला कळतही नाही. आणखी एक गोष्ट मी धरलीच नव्हती: आडव्या लटकलेल्या तुकड्यांचं वरचं अंग खाडीच्या गाळानं माखलेलं, तिथे शेवाळाशिवाय फारसं काही नाही, सगळी गर्दी खालच्या, सावलीतल्या अंगाला. दगड कोणता यापेक्षा तो कसा लटकला आहे याचा परिणाम मोठा होता. पुढच्या वेळी सगळे उभेच बांधायचे हे तिथेच वहीत लिहिलं.

पण खरवडायला घेतलं आणि फरक हाताला लागला. पाट्याच्या पॉलिश केलेल्या अंगावरचा थर सुरीचं टोक घातल्यावर पापुद्र्यासारखा एकदम सुटून आला. टाकीच्या अंगावरचा एकेक खरवडावा लागला. मांजऱ्याच्या भोकांतून तर बार्नॅकल निघेचनात, भोकाच्या भिंतींना धरून वाढलेले. एका भोकात मुगाएवढा खेकडा जिवंत होता. त्याला परत पाण्यात सोडलं. जांभ्याचंही तसंच. मावशींचं वाक्य अक्षरशः खरं होतं. बसणं सगळीकडे झालं होतं, टिकून राहणं दगड ठरवत होता. मोठी लाट यायची असेल तेव्हा कोण उरेल, हे या धरून ठेवण्यावर आहे.

कौलाची गोष्ट वेगळी. फ्रान्सच्या आर्काशाँच्या उपसागरात १९व्या शतकापासून कालवांची पिल्लं पकडायला चुना लावलेली कौलं पाण्यात ठेवतात. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तुतिकोरिनला कालवपालनाचे प्रयोग केले तेव्हाही चुन्याची कौलं वापरली. चुनखडीचा, शिंपल्यासारखा पृष्ठभाग कालवाच्या पिल्लांना मानवतो. पण चुन्याचा दुसरा उपयोग मला जास्त हुशारीचा वाटतो: त्याचा थर ठिसूळ असतो, त्यामुळे पिल्लू न फुटता कौलावरून अलगद सोडवता येतं. आपल्याला ते सोडवायचं आहे म्हणून मुद्दाम कच्ची जागा द्यायची. माझ्या कौलावर कालवं भरपूर होती आणि खरंच बोटानं निघाली.

खडपावरच्या दोन दगडांनी मात्र स्पष्ट उत्तर दिलं. तिथे रोज दोनदा पाणी जातं आणि ऊन लागतं. काळ्याचा माथा पूर्ण कोरडा, उघडा. बार्नॅकल फक्त सावलीच्या कडेला. शहाबादीवर ते बरेच वरपर्यंत चढलेले. मे महिन्यात देवळाच्या काळ्या फरशीवर दुपारी अनवाणी चाललेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कित्येक देवळांत चालायच्या वाटेवर पांढरा पट्टा रंगवतात, तो याच कारणानं. पीटर रायमोंडी यांनी कॅलिफोर्नियाच्या आखातात ग्रॅनाइट आणि बेसॉल्टवरच्या बार्नॅकलचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. दगडाचा प्रकार बदलला की अळ्यांचं बसणंही बदलतं आणि वस्तीचा पट्टाही सरकतो, हा त्याचा निष्कर्ष. माझे दोनच दगड, त्यांच्यावरून नियम काढायचा नाही हे मी मुलांना आयुष्यभर शिकवलं आहे. पण दोन दगडांनी मला तो अभ्यास वाचायला लावला, हे पुष्कळ झालं.

सिमेंटचंही सांगते. दगडांभोवतीच्या सिमेंटच्या कड्यावर पहिले काही आठवडे काहीच नव्हतं. लेक फोटो पाठवायची त्यात ते स्वच्छ राखाडी दिसायचं. ताज्या काँक्रीटचा सामू (pH, जितका जास्त तितका पदार्थ अल्कधर्मी) १२-१३ असतो, समुद्राचा साधारण ८.१. हळूहळू क्षार धुऊन जातात, तेव्हा वस्ती सुरू होते.

आता शहाबादीवरचा लिंबाचा डाग. काही प्राणी दगडावर बसून थांबत नाहीत, दगडात शिरतात, आणि इथे दगडाची जात निर्णायक ठरते. लिथोफागा नावाचा खजुराच्या आकाराचा शिंपला आम्लासारखा स्राव सोडून चुनखडक विरघळवतो आणि त्यात घर करतो. बेसॉल्टवर हे चालत नाही, कारण तिथे विरघळायला चुनाच नाही. भूमध्य समुद्रातल्या लिथोफागाला पाच सेंटिमीटर वाढायला १५ ते ३५ वर्षं लागतात. लोक तो खाण्यासाठी कडे फोडायचे, म्हणून युरोपात आता त्याला संरक्षण आहे. दुसरे काही शिंपले, फोलास त्यातला एक, रसायन वापरत नाहीत. शिंपल्याची दातेरी कड गिरमिटासारखी फिरवत खडू, चिकणमातीसारखे मऊ खडक कोरतात.

इटलीत नेपल्सजवळ पोत्झुओलीला रोमन काळातल्या बाजाराचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. तळापासून १२ फुटांपर्यंत गुळगुळीत, आणि त्याच्यावर नऊएक फुटांचा पट्टा लिथोफागाच्या भोकांनी चाळण झालेला. म्हणजे ही जमीन रोमनांनंतर समुद्रात बुडाली, खालचा भाग गाळात पुरला गेला म्हणून वाचला, मधल्या भागात शिंपले शिरले, आणि मग सगळं परत वर आलं. चार्ल्स लायेलनं १८३०च्या आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथाला याच खांबांचं चित्र लावलं. खांब काळ्या दगडाचे असते तर ही भोकं पडली नसती आणि जमिनीचं वर-खाली होणं कळायला आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे. हे चित्र मी दरवर्षी वर्गात काढायचे, परीक्षेला नसलं तरी.

आणि किनाऱ्यापासून लांब, खोल तळाशी? तिथे बहुतेक ठिकाणी नुसता चिखल. दगड हीच दुर्मीळ गोष्ट. समुद्रतळाच्या डोंगररांगांत आजही बेसॉल्ट बाहेर पडतोय, थंड पाण्यानं त्याची कातडी काचेसारखी होते. अशा दगडावरचे जिवाणू २००८ साली मोजले गेले तेव्हा ते वरच्या पाण्यातल्यापेक्षा हजार ते दहा हजार पट निघाले. हिंदी महासागराच्या मध्यभागी चिखलावर बटाट्यांसारखे मँगनीजचे गोळे पडलेत. त्यांतल्या ७५,००० चौरस किलोमीटरवर संशोधनाचा हक्क भारताकडे आहे. हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. स्पंज आणि इतर चिकटून राहणारे प्राणी तिथे या गोळ्यांना धरून जगतात, कारण धरायला दुसरं काही नाही. ते उचलायच्या गोष्टी बातम्यांत येतात तेव्हा धातूचा भाव लिहिलेला असतो. त्या जागेचा भाडेकरू कोण होता, हे वाचायला मिळत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

जवळच्या किनाऱ्याबाबत तरी आपल्याला काही करता येईल. कोकणात धूप थांबवायला बंधाऱ्यांवर सुरुंगानं फोडलेले काळे धोंडे टाकतात. त्यांच्या फुटीचे पृष्ठभाग सपाट असतात. जगात काही ठिकाणी अशा दगडांना ड्रिलनं खळगे आणि खाचा पाडून पाहिल्या आहेत, आणि तिथे जिवांचे प्रकार वाढलेले आढळले. हे काम नवीन नाही. याला आमच्याकडे टाकी लावणं म्हणतात, आणि ते करू शकणारी माणसं सोलापुरात अजून आहेत, हाताला काम नसलेली. मी हे मनापासून लिहिते आहे. कुणी बंधारा बांधत असेल तर त्यानं एका धोंड्यावर करून पाहावं.

काल गच्चीवर बसून पाट्याच्या तुकड्यावरचं शेवटचं कालव सोडवलं. रुपयाएवढं. त्याची खालची शिंपली उलटी करून उन्हात धरली तर तिच्यावर बारीक बारीक उंचवटे, तिरप्या ओळींत. कालव बसतं त्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून शिंपली घालतं, त्यामुळे खालचा चढउतार तिच्यात उमटतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या ओळी अण्णांच्या होत्या. ते डावखुरे होते, त्यांची टाकी नेहमी उजवीकडे कलायची. शिंपली परत दगडावर ठेवली आणि थोडी फिरवली, तर ती खळग्यांत जाऊन बसली.